मध्ये चांदणी चौक: २३ हजारांच्या पहिल्या इलेक्ट्रिक सायकलचं प्रकरण

माझ्या भाच्याला दिवाळीनंतर भूगावच्या पुढं एका वर्कशॉपात नोकरी लागली. घर पुण्यात, कोथरूडला. एका बाजूनं ११ किलोमीटर. घरात मोटरसायकल एकच, आणि ती वडिलांनाही लागते. पहिल्या पंधरवड्यातच सकाळी किल्लीवरून धुसफूस सुरू झाली. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला २६ वर्षं शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे येणारच होतं.

"मामा, बारावीची सायकल पडलीय खाली. तिला मोटर बसवून दे ना. पंधरा हजार जमवलेत."

"बसवून देणार नाही. तू बसव, मी शेजारी स्टूल टाकून बसतो."

त्याच्या फोनवर किट आधीच निवडलेलं होतं: ४८ व्होल्ट, १००० वॅट. चित्रात लाल चाक, खाली ताशी ५० किलोमीटर. पहिली संध्याकाळ ते किट रद्द करण्यात गेली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची अर्ध्या तासाची सलग ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तरच अशा गाडीला मोटार वाहन समजत नाहीत. म्हणजे लायसन्स नको, नंबर प्लेट नको. त्याच्या पलीकडे गेलात की तुम्ही नोंदणी नसलेली मोटरसायकल चालवताय, तीही सायकलच्या ब्रेकवर. भाच्याला कायद्यापेक्षा ब्रेकचा मुद्दा पटला. मला दोन्ही.

पण २५० वॅटमध्ये वाटेतला चांदणी चौक चढेल का? सगळं प्रकरण खरं तर या एका प्रश्नाचं होतं. पौड रोडनं कोथरूड डेपो सोडला की चढ लागतो. पेट्रोलच्या गाडीवर तो जाणवतही नाही, सायकलवर मात्र छातीशी येतो. किटवाले मोटरची ताकद सांगतात, पल्ला सांगतात, चढ कुणी सांगत नाही. तो आपला आपण घालायचा.

वहीचं पान काढलं. भाचा ६८ किलो, सायकल १८, मोटर आणि बॅटरी मिळून ७-८, डबा-दप्तर ४. एकूण १०० किलो धरू. चढ सरासरी ४ टक्के धरू, वेग ताशी १५ किलोमीटर. १०० किलोचा ४ टक्के चढावर मागं ओढणारा जोर ३९ न्यूटन. वेग सेकंदाला ४.१७ मीटर. गुणाकार केला की नुसतं वजन वर चढवायला १६३ वॅट. टायरचं घर्षण ४० वॅट, त्या वेगाला वारा २५-३०. बेरीज २३० वॅट. यातले ८० वॅट धडधाकट माणसाच्या पायांतून धाप न लागता निघतात. उरले दीडशे. २५० वॅटची मोटर हे काम हसत करते, पण पायडल मारलं तर. नुसता थ्रॉटल पिळून बसलात तर मोटर आपल्या मर्यादेच्या काठावर, आणि कमी फेऱ्यांवर चालणारी मोटर जेवढी वीज घेते त्यातली बरीच उष्णतेत घालवते.

"म्हणजे पायडल मारायचंच?"

"मारायचंच. सायकल आहे ती."

यावर तो जरा हिरमुसला. पुढं सहा महिन्यांनी पँटचा पट्टा एक भोक आत गेला तेव्हा त्यानं ते मला मुद्दाम दाखवलं, पण त्या संध्याकाळी चेहरा पडला होता खरा.

किट घेतलं ३६ व्होल्ट, २५० वॅटचं, मागच्या चाकात बसणारं, आत गिअर असलेलं. किंमत ७,२०० रुपये. त्यात रिमसकट विणलेलं चाक, कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी पुरवणारा डबा), थ्रॉटल, दाबले की मोटरची वीज तोडणारे ब्रेक लिव्हर आणि पायडल फिरलं की मोटर सुरू करणारा सेन्सर. पुढच्या चाकाची मोटर बसवायला सोपी, पण चढावर वजन मागं सरकतं आणि पुढचं चाक खडीवर घसरतं. शिवाय पुढचा चिमटा दगावला तर माणूस सरळ तोंडावर. गिअरवाल्या मोटरच्या आत एकाच दिशेनं पकडणारा क्लच असतो, त्यामुळे वीज संपली तरी ती ओझं होत नाही. उतारावर वीज परत मिळत नाही हे खरं. पण १०० किलो ६० मीटर खाली उतरताना सगळी मिळून १६ वॅट-तास (एक वॅट तासभर वापरला की एक वॅट-तास) ऊर्जा सुटते. निम्मी हाती लागली तरी एक किलोमीटरही जाणं होत नाही. त्यासाठी जड मोटर रोज वर ओढायची नव्हती.

आता चूक सांगतो, आणि ती माझी आहे. किटनंतर पंधरातले ७,८०० उरले होते. लिथियम बॅटरी ११-१२ हजारांची. मी म्हणालो, आधी यूपीएसच्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या तीन जुन्या बॅटऱ्या जोडून बघू. ओळखीच्या माणसानं ९०० रुपयांत दिल्या. कागदावर ३६ गुणिले ७, म्हणजे २५० वॅट-तास. एका फेरीला पुरायला हव्या होत्या. वर्गात दरवर्षी मीच सांगायचो की शिसाच्या बॅटरीवर लिहिलेली क्षमता ही २० तासांत सावकाश रिकामी करण्याची क्षमता असते. सात अँपिअर-तास म्हणजे वीस तास अर्धा अँपिअरही नाही, ०.३५. आम्ही ओढणार होतो आठ-दहा. तेवढ्या ओढीला नवी बॅटरीसुद्धा लिहिलेल्यातलं निम्मं-अधिक देते, आणि या तर वापरून झालेल्या. फळ्यावरचं ज्ञान खिशाला हात घालताना आठवत नाही.

रविवारी सकाळी तो निघाला. मी स्कूटरवर मागं. डेपोपर्यंत झकास. चढ लागला, त्यानं थ्रॉटल पूर्ण पिळला, आणि मीटरचा काटा बसावा तसं व्होल्टेज बसलं. ३७ वरून ३४, मग ३२, आणि ३१ च्या आसपास कंट्रोलरनं हात वर केले. दोन मिनिटं थांबलं की बॅटरी पुन्हा ३६ दाखवायची, शंभर-दीडशे मीटर न्यायची, पुन्हा ठप्प. साडेसहा किलोचं शिसं कॅरिअरला बांधलेली सायकल त्यानं उरलेला चढ ढकलत नेली. वर पोचल्यावर पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामा, ही इलेक्ट्रिक सायकल नाही, ही हातगाडी आहे."

त्यामुळे बॅटरीचा हिशेब नव्यानं, आणि तोही चढ धरूनच. रोज २२ किलोमीटर. पायडल मारून किलोमीटरला १२ वॅट-तास धरले तर २६४. बॅटरी तळापर्यंत रिती करायची नाही, दोन-तीन वर्षांनी ती थकणार, पावसात समोरून वारा असणार. म्हणून निदान साडेतीनशे. बाजारात दोन जाती. एक निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, हलकी, ३६ व्होल्टसाठी १० सेल ओळीत. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ओळीत १२ सेल, तेवढ्याच ऊर्जेला वजन जास्त. आम्ही दुसरी घेतली. फॉस्फेटची रचना तापली तरी ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे पेट घेण्याचा धोका बराच कमी. चार्जिंगच्या फेऱ्याही तिला जास्त मिळतात. बॅटरी दिवसभर वर्कशॉपच्या पत्र्याखाली उभी राहणार आणि रात्री दोन खोल्यांच्या घरात. किलोभर जादा वजन हा त्या झोपेचा भाव. ६ अँपिअर-तासांचे २४ सेल, दोन-दोन समांतर, बारा ओळीत: ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, म्हणजे ४६० वॅट-तास. संरक्षण सर्किट आणि चार्जरसकट ११,८०० रुपये.

सेल सुटे घेऊन स्वतः पॅक बांधायचा हट्ट त्याचा होता. मी नाही म्हटलं. स्पॉट वेल्डिंगचं यंत्र नाही, आणि सेलवर सरळ सोल्डरिंगची गन टेकवणं म्हणजे आतला पडदा भाजणं. पहिल्या सायकलीत दोन हजार वाचवायची ही जागा नव्हे.

चार्जर लावण्याआधी मीटर लावायची माझी सवय इथं उपयोगी पडली. पिनवर ४२.० व्होल्ट. दुकानदारानं १० सेलच्या बॅटरीचा चार्जर दिला होता. आपल्या १२ सेलच्या पॅकला हवेत ४३.८. तसाच लावला असता तर स्फोटबिट काही झाला नसता. पॅक जवळपास भरलाही असता, पण सेल समतोल करणारं सर्किट जागं होतं त्या व्होल्टेजला तो कधी पोचला नसता. आठ-दहा महिन्यांनी एक सेल मागं पडता आणि 'बॅटरी खराब निघाली' म्हणत आम्ही दुकानात भांडत बसलो असतो. उलटी अदलाबदल, म्हणजे ४३.८ चा चार्जर १० सेलच्या पॅकला, ही मात्र खरी धोक्याची. तिथं शेवटचा पहारेकरी ते छोटं संरक्षण सर्किट. चार्जर दुसऱ्या दिवशी कुरकुर न करता बदलून मिळाला.

पहिल्यांदा बॅटरी कंट्रोलरला जोडली तेव्हा चट्‌कन ठिणगी उडाली आणि भाचा दोन पावलं मागं. कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे असतात, ते एकदम भरतात, एवढंच. तपकीर गल्लीतून आणलेल्या एक्सटी-६० कनेक्टरच्या टोकावर तो काळा ठिपका अजून आहे. बॅटरीच्या धन टोकाला लागून २० अँपिअरचा गाडीतला चपटा फ्यूज टाकला. वायर, फ्यूज, कनेक्टर, श्रिंक स्लीव्ह (गरम केली की तारेवर आवळून बसणारी नळी) मिळून ४२० रुपये. वायरिंगबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. रंगाला रंग जुळवायचा आणि प्रत्येक तारेला कंट्रोलरच्या आधी खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी वळशावरून गळून जातं, आत जात नाही. हां, पायडलच्या सेन्सरनं एक संध्याकाळ खाल्ली. क्रँकची कॉटर पिन ठोकून काढली, चुंबकांची चकती बसवली, पिन परत ठोकली, आणि मोटर ढिम्म. पायडल उलटं फिरवलं तर सुरू! चकती उलट्या तोंडानं बसली होती. पुन्हा कॉटर पिन.

जिथं घाई करू नये ती जागा म्हणजे मागचा अ‍ॅक्सल. साध्या सायकलचा अ‍ॅक्सल नुसता वजन पेलतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. हब मोटरमध्ये अ‍ॅक्सल हाच मोटरचा स्थिर भाग. मोटर चाकाला पुढं ढकलते तेवढ्याच जोरानं अ‍ॅक्सलला उलटं पिळते. त्याला धरून कोण ठेवतं? फ्रेमच्या शेवटी असलेली खाच, आणि अ‍ॅक्सलच्या दोन तासलेल्या बाजू. त्यांच्यातलं अंतर १० मिलिमीटर. निघताना मोटर ४० न्यूटन-मीटर पिळत असेल तर त्या सपाट्यांवर ४,००० न्यूटनचं जोडबल येतं. म्हणजे साधारण ४०० किलो, तेही दाबून काढलेल्या पत्र्याच्या खाचेवर.

हे मी त्याला समजावलं होतं. तो फिरू नये म्हणून लावायची आधाराची पट्टी झाल्याशिवाय चालवू नकोस म्हणून बजावलंही होतं. पण चाक बसलंय, बॅटरी भरलीय आणि वय बावीस. त्यानं गल्लीत एक चक्कर मारली. तिसऱ्यांदा निघताना 'कट्' असा आवाज झाला. नट सैल, अ‍ॅक्सल पाव वळसा फिरलेला. मोटरची केबल अ‍ॅक्सलच्या टोकातूनच बाहेर येते, त्यामुळे ती अ‍ॅक्सलला दोरीसारखी गुंडाळली गेली होती. बाहेरचं आवरण सोललं होतं. आत पिवळी, हिरवी, निळी या तीन जाड तारा शाबूत. मोटर फिरताना कुठं आहे ते कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक तारांपैकी एकीचं प्लास्टिक खरवडलेलं, तांबं दिसत होतं. ती शेजारच्या तारेला टेकली असती तर सेन्सर जळता, आणि मोटर उघडणं म्हणजे नवी मोटर. श्रिंक स्लीव्हवर भागलं.

फ्रेमच्या खाचेची एक बाजू मात्र वाकली होती. ती हातोडीनं सरळ केली आणि मग पट्टीच्या मागं लागलो. त्याच्याच वर्कशॉपातून ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी, १८० रुपयांत कापून. एका टोकाला १० मिलिमीटरचं लांबट भोक. ते आधी मुद्दाम साडेनऊचं पाडून घेतलं आणि उरलेलं कानशीनं. दोन-चार घासे मारायचे, अ‍ॅक्सलवर घालून बघायचं, चकाकलेला ठिपका शोधायचा, तेवढाच घासायचा. पाऊण तास गेला. शेवटी पट्टी हातानं जाईना, लाकडी ठोकळ्यानं टकटक केल्यावर बसली. तसंच पाहिजे. तिथं केसभर फट राहिली तर प्रत्येक वेळी निघताना अ‍ॅक्सल तेवढा हलतो, आणि हलत हलत खाच मोठी करतो. पट्टीचं दुसरं टोक खालच्या नळीला दोन क्लॅम्पनी आवळलं. दोन्ही बाजूंना एकेक.

त्याआधी फ्रेम फाकवावी लागली होती, ते सांगायचं राहिलं. जुन्या एकेरी गिअरच्या सायकलला मागं १२० मिलिमीटर जागा, मोटरला हवी १३५. स्टीलची फ्रेम असल्यानं जमलं. अ‍ॅल्युमिनियमची असती तर मी हात लावला नसता. आट्यांचा रॉड, दोन नट, दोन वॉशर आतून बाहेर दाबत हळूहळू फाकवायचं. स्टील परत येतं, म्हणून थोडं जास्त न्यायचं. मग पुढच्या नळीला सुतळी अडकवून दोन्ही खाचांपर्यंत ताणायची आणि मधल्या नळीपासून दोन्हीकडे अंतर सारखं आहे का ते बघायचं. आमचं ३ मिलिमीटर चुकलं होतं. उजवीकडून जरा दाबलं.

ब्रेकचे रबर, नव्या केबली, मागचा टायर-ट्यूब यांना १,४५० रुपये लागले. तो म्हणत होता की जुने रबर अजून चालतील. संध्याकाळी चांदणी चौकातून खाली येताना सायकल आपोआप पस्तिशीला जाते, तिथं मोटरचा काही संबंध नाही. मी वाद घातला नाही, जुने रबर कचऱ्यात टाकले. दिवे, पुढं पांढरा आणि मागं लाल परावर्तक ३८०. बॅटरीसाठी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणातली कॅनव्हासची पिशवी ६५०. वजन कॅरिअरवर ठेवलं की वळणावर सायकल शेपटी हलवते, हे शिसाच्या बॅटऱ्यांनी शिकवलं होतं.

एकूण २२,९८०. पंधराचे तेवीस झाले. वरचे आठ हजार त्यानं माझ्याकडून घेतले आणि महिन्याला हजारानं फेडले. तीस हजारांच्या आसपास तयार सायकल येते, मग सात हजारांसाठी हा उपद्व्याप कशाला, असं त्याच्या वडिलांनी विचारलंच. त्या किमतीत त्यानं पाहिलेल्या सायकलींची बॅटरी ७-८ अँपिअर-तासांची होती. ती सकाळी चढवते, संध्याकाळी परत आणताना रडकुंडीला येते. बॅटरीत पैसे घालायचे म्हणून बाकी सगळं हातानं केलं. आणि आता काही मोडलं तर कुठं मोडलं हे त्याला कळतं. त्या कळण्याची किंमत मी हिशेबात धरली नाही, त्याचे वडीलही धरत नाहीत.

पहिला महिनाभर वॅट-मीटर लावून वहीत टिपलं. जाताना सरासरी १२८ वॅट-तास, येताना ८४. रोजचे २१२, म्हणजे किलोमीटरला दहाच्याही आत. चांदणी चौकाच्या चढावर ताशी १५-१६. एक दिवस पाय मुरगळला म्हणून थ्रॉटलवरच गेला आणि आला, तर ३७० लागले आणि मोटरच्या झाकणावर हात ठेववेना. मोटरसायकलला या २२ किलोमीटरना पेट्रोल अर्ध्या लिटरच्या आसपास, पन्नास-एक रुपये. इथं चार्जरची गळती धरून पाव युनिट. तीन रुपये धरा. महिन्याचे २४ दिवस, म्हणजे हजार-अकराशे वाचतात. वसुलीला दोन वर्षं. वेळ मोटरसायकलपेक्षा पंधरा मिनिटं जास्त. सकाळी सातला ती जास्तीची पंधरा मिनिटं अंगावर येतात, हे तो प्रामाणिकपणे सांगतो.

बहिणीचा धसका वेगळाच होता. "दादा, ही बॅटरी घरात चार्ज करायची? रात्रभर?" रात्रभर नाही. आल्याबरोबर गरम बॅटरीही लावायची नाही, तासभर गार होऊ द्यायची. मग बाल्कनीच्या दाराशी, उघड्या फरशीवर, खाली गादी-पायपोस काही नाही, आणि सगळे जागे असताना. साडेनऊला चार्जरचा दिवा हिरवा होतो, ती स्वतः पिन काढते. तिच्याइतकी शिस्त आमच्या दोघांत नाही.

पावसाळ्यात एकदा थ्रॉटल आपोआप थोडा ओढायला लागला, आत पाणी. ब्रेक लिव्हर दाबला की मोटरची वीज तुटते, म्हणून निभावलं. थ्रॉटलला आता जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. नोव्हेंबरमध्ये मागचे दोन स्पोक तुटले. मोटरचा हब फुगीर, म्हणून त्याचे स्पोक नेहमीपेक्षा आखूड आणि जाड, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळेनात. त्यानं लांब स्पोक कापून आटे पाडून दिले, चाकाचा आउट काढला आणि म्हणाला, "असले सहा अजून करून ठेव, तुटणारच." सहा करून ठेवलेत. दोन वापरलेही.